ढालकिडा मोठा की शिकरा: नरखेडच्या बागेतील अडीच दिवस

शिकरा आणि ढालकिडा या दोघांत मोठा शिकारी कोणता, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी महाशिवरात्रीच्या सुटीत नरखेड तालुक्यातील एका संत्र्याच्या बागेत जाऊन आले.

प्रश्न माझा नाही. तो आठवीच्या वर्गातील एका मुलीचा आहे. त्या दिवशी फळ्यावर आमच्या चित्रकलेच्या शिक्षिका वत्सलाबाई यांनी काढलेला शिकरा पक्षी होता: राखी पाठ, लाल डोळा, पोटावर तांबूस आडव्या रेघा, पंजात सरडा. शिकारी प्राण्यांचा पाठ संपवून मी डस्टर हातात घेतले, तोच ती उभी राहिली. "बाई, ढालकिडा मावा पकडून खाते असं तुम्हीच सांगितलं होतं. मग त्याचं चित्र काहून नाही?" मी म्हणाले, तोही शिकारीच आहे, पण लहान. ती म्हणाली, "किती लहान?" इतक्यात घंटा झाली आणि मी सुटले. घंटेमुळे सुटलेल्या शिक्षिकेला रात्री झोप लागू नये असे माझे मत आहे, आणि मला ती लागली नाही.

ज्यांनी ढालकिडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी: तो हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो. पाठ घुमटासारखी, तकतकीत, तांबडी किंवा नारिंगी, तिच्यावर काळे ठिपके किंवा नागमोडी रेघा. मावा म्हणजे कोवळ्या पानांचा रस शोषणारी, मोहरीहून लहान, काळपट कीड. ढालकिडा ती कीड खातो. एवढे पुस्तकात आहे. किती खातो, हे मला कोठेच सापडेना.

वत्सलाबाईंना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. "माझ्या भावाच्या बागेत चला," त्या म्हणाल्या. "तिथे मावाही आहे, ढालकिडाही आहे आणि निंबावर शिकऱ्याची जोडीही आहे. तिघांना एकाच जागी बसवलं आहे तुमच्यासाठी."

शनिवारची शाळा सकाळची असते. भिंग, दोन काचेच्या बरण्या, मलमलीचे तुकडे, दोरा, मोजपट्टी आणि चौकटीची वही एवढे सामान घेऊन आम्ही दुपारी एसटीत बसलो.

शनिवार, संध्याकाळ

नागपुरात रामदासपेठेतील माझ्या खोलीच्या खिडकीतून एक गुलमोहर आणि तीन गच्च्या दिसतात. नामदेवरावांच्या बागेत शिरताच दिसल्या त्या संत्र्याच्या सरळ ओळी, एका ओळीत बारा झाडे अशा सोळा. झाडे माझ्याहून हातभर उंच. कोवळी पोपटी पालवी फुटलेली. तिकडे तिला नवती म्हणतात. पालवीच्या बगलेत पांढऱ्या कळ्या. वास असा की मी वही उघडून "वास:" एवढे लिहिले आणि पुढे काय लिहावे ते न सुचल्याने ती ओळ आजही तशीच रिकामी आहे.

नामदेवराव वत्सलाबाईंचे धाकटे भाऊ, पस्तिशीचे, उंच, बोलताना मान एका बाजूला कलती करणारे. त्यांच्या पायाशी पाठीवर बांधायचा पितळी फवारणी पंप होता आणि शेजारी औषधाचा डबा.

"काहून गा नामदेवा, पाहुणे आले अन् तू इख घोळून राहिला काय?" वत्सलाबाईंनी विचारले. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या वत्सलाबाई बागेचे फाटक ओलांडताच अशा बोलू लागल्या, याची मी नोंद घेतली.

"आता नाई, उद्या सकाळी मारतो," ते म्हणाले. "पंप सोसायटीचा हाय. सोमवारी संध्याकाळी परत द्या लागते. अन् ताई, पाच वर्षं पानी पाजलं या झाडाइले. पहिलाच बहार हाय हा. त्याच्यावर किडे पाहा कसे बसले हायेत."

त्यांनी फांदी खाली ओढली. पालवीच्या देठावर मावा दाटीने बसला होता. त्याच्यातून दोन प्रकारचे प्राणी फिरत होते: तांबडे, पाठीवर काळी नक्षी असलेले किडे आणि काळ्या, काटेरी, नारिंगी डाग असलेल्या, अगदी चिमुकल्या मगरींसारख्या अळ्या. माझ्या तोंडून आनंदाने किंकाळी फुटली. नामदेवराव दचकून मागे सरले.

"मारू नका!" मी म्हणाले. "हे ढालकिडे आहेत. हे पानाला तोंड लावत नाहीत. तुमच्या बागेचे राखणदार आहेत!"

"राखनदार? बाई, ह्याच राखनदारानं माया वांग्याची पानं चाळनी करून टाकली. चला, दाखवतो."

विहिरीजवळ वांग्याचे चार वाफे होते. पाने खरोखरच जाळीसारखी झालेली, आणि त्यांवर तांबडे, ठिपकेवाले, घुमटाकार पाठीचे किडे. सूर्य मावळत होता. मी एक किडा उचलला, बरणीत घातला, सोबत वांग्याचे एक कोवळे, अखंड पान ठेवले, तोंडाला मलमल बांधली आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "हे पान उद्या सकाळी असेच अखंड असेल. असले तर तुम्ही फवारणी करायची नाही. कबूल?"

"अन् नसलं त?"

"तर पंपाचा दांडा मी स्वतः हलवीन."

नामदेवरावांच्या पत्नी यशोदावहिनी अंगणातून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कबूल करून टाका. फुकटचा गडी भेटून राहिला."

त्यांच्या अंगणात आणखी एक आश्चर्य होते. कोंबडीमागून सात पिल्ले धावत होती आणि ती गुलाबी होती. फिकट नव्हे, होळीच्या रंगासारखी गुलाबी. मी कारण विचारले.

"शिकऱ्याच्या पाई," वहिनी म्हणाल्या. "रंगवलं का त्याले वयखू येत नाई. पिवळं पिल्लू त्याले मालूम हाय. गुलाबी पाहून त्यो म्हनते, हे का होय बापा, अन् निंगून जाते."

मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी मी वहीत घाईने दोन रकाने आखत होते. ढालकिडा तांबडा का असतो? कारण तो कडू असतो. हाताळला तर गुडघ्यांतून पिवळा, उग्र रस सोडतो. एकदा चाखलेला पक्षी तो रंग पुन्हा चाखत नाही. निसर्गाने किड्याला जी युक्ती दिली तीच युक्ती यशोदावहिनींनी रंगाच्या पुडीतून पिल्लांना दिली होती. फरक इतकाच की पिल्ले कडू नव्हती आणि शिकऱ्याला अजून ते कळले नव्हते.

"पण वहिनी," मी म्हणाले, "रंगाने खरोखर फरक पडतो हे सिद्ध करायचे तर काही पिल्ले न रंगवता शेजारी सोडायला हवीत. मग तुलना होईल."

वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिले. "म्हंजे काई पिल्लं मराले सोडू काय, बाई?"

पंधरा वर्षे मी प्रयोगपद्धती शिकवत आहे. इतका नेमका आक्षेप कोणी घेतला नव्हता.

रविवार

सकाळी सहा वाजता बरणीतले पान जाळी झाले होते.

नामदेवराव बरणी उन्हात धरून फिरवत होते. "पाहा जी. तुमच्या शिकाऱ्यानं पानाची शिकार केली."

वत्सलाबाई तोंडाला पदर लावून विहिरीकडे गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. वहिनींनी पंप माझ्या पायाशी आणून ठेवला.

मी किडा तळहातावर घेतला आणि भिंग लावले. आदल्या संध्याकाळी हे करायला हवे होते. याची पाठ तकतकीत नव्हती. मखमलीसारखी बारीक लव होती तिच्यावर. ठिपके मोजले: एका बाजूला चौदा, दुसऱ्या बाजूला चौदा. मग मी संत्र्याच्या झाडावरचा किडा आणला. पाठ आरशासारखी, ठिपके नाहीतच, नागमोडी काळ्या रेघा. एकाच कुळातले दोघे, पण एक पाला खाणारा आणि एक मावा खाणारा.

"मी चुकले," मी म्हणाले. "मी घाईने दुसराच किडा पकडला. ठरल्याप्रमाणे मी दांडा हलवीन. पण त्याआधी एकदा यातून पाहा."

नामदेवरावांनी आयुष्यात भिंगातून पाहिले नव्हते. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही, आणि अखेर वत्सलाबाईंनी त्यांचे डोके धरून योग्य जागी आणले. ढालकिडा संत्र्याच्या देठावर चालत होता. तो मावा दुरून पाहत नाही. जवळजवळ धडकेपर्यंत त्याला पत्ताच नसतो. तो धडकला. मग त्याने जबडा उघडला.

"अरे बापा!" नामदेवराव ओरडले. "पाय धरला त्याचा! खाऊन राहिला ना! यशोदे, इकडे ये वं, लवकर! अख्खा गिळून राहिला!"

त्यानंतर अर्धा तास भिंग मला परत मिळाले नाही.

भिंग डोळ्यापासून दूर झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा पुन्हा शेतकऱ्याचा झाला. "हा किडा मानला. पन हे मगर? हे त चौपट हायेत झाडावर. हे का खातेत?"

"ती ढालकिड्याचीच पिल्ले आहेत."

"याचं लेकरू? बाई, लेकरू मायसारखं दिसते."

"तुमचं लेकरू तुमच्यासारखं दिसत नाई, देवाची कृपा हाय," वहिनी म्हणाल्या.

ते हसले, पण मान कलतीच राहिली. "मजाक नका करू. बहार गेला त तुमी परत आनून देसान काय?"

ते माझ्याच्याने होणार नाही, असे मी सांगितले. कदाचित म्हणूनच त्यांनी थोडा विचार केला. आज वाराही आहे, औषध उडून जाईल, असे म्हणून त्यांनी सोमवारी दुपारपर्यंतची मुदत दिली. तोवर मगर हे ढालकिड्याचे लेकरू आहे आणि ते मावाच खाते, हे मी दाखवायचे.

आता मोजणी. एका बरणीत मोजून साठ मावा आणि एक मोठी अळी ठेवली. बरणी वत्सलाबाईंनी सांभाळायची. मी त्याच वेळी, दहा वाजता, निंबासमोर पाटाच्या काठावर पोते टाकून बसले. शिकऱ्याची पाळी होती.

शिकरा अप्रतिम दिसतो. निंबाच्या फांदीवर तो असा बसला होता की अर्धा तास मी त्याला फांदीचाच भाग समजत होते. त्याचा डोळा फिरतो, मान फिरते, बाकी काहीही हलत नाही. ढालकिडा याच्या अगदी उलट: तो सतत हिंडतो, वाटेल तिथे धडकतो, फांदीच्या टोकाला पोहोचला की गोंधळतो आणि उडताना आधी पाठीवरच्या दोन ढाली उघडतो, मग त्यांखाली घडी घालून ठेवलेले पातळ पंख बाहेर काढतो. पावसात छत्री उघडायला धडपडणारे गृहस्थ आठवावेत. शिकऱ्याला असला खटाटोप नाही. तो पंख पसरतो आणि नाहीसा होतो.

दोन वाजेपर्यंत शिकऱ्याने चार झेपा घेतल्या. पहिली खारीवर: चुकली. दुसरी चिमण्यांच्या थव्यावर: चुकली. तिसरी अंगणाकडे, आणि मी शपथेवर सांगते की गुलाबी पिल्लांवर येऊन तो वळला. कोंबडी ओरडली म्हणून वळला की रंगामुळे, हे मला ठरवता आले नाही. चौथ्या वेळी मी वही गुडघ्यावर ठेवून शेजारच्या गवतातील एका ढालकिड्याकडे भिंगातून पाहत होते. ढालकिड्याने मावा पकडला. त्याच क्षणी कानाशी वारा फाटल्यासारखा आवाज झाला, राखी पंख माझ्या केसांना चाटून गेले आणि दोन हातांवर शिकऱ्याने सरडा उचलला. दोन्ही शिकारी, एकाच क्षणी, एकाच नजरेच्या टप्प्यात! मी टाळी वाजवायला उठले आणि पाठमोरी पाटात बसले. पाटात पाणी होते. वही मी वर धरली होती. एवढे भान मला होते याचा मला अजून अभिमान वाटतो.

यशोदावहिनींचे नऊवारी लुगडे नेसून मी जेवायला बसले. मला ते चार बोटे आखूड होत होते आणि पाहायला आलेल्या शेजारणीने त्यावर बरेच काही सुचवले. बागेतच रोडगे भाजले होते. कणकेचे जाड, पदर असलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरतात आणि फडक्यात घेऊन राख झाडतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. घरी मी रॉकेलच्या स्टोव्हवर एका माणसाची पोळी करते आणि ती गोल आली की समाधान मानते. इथे रोडगा फोडून त्यात तूप ओतले गेले आणि "अजून घ्या जी" या तीन शब्दांना नकार देण्याची सोय त्या घरात नव्हती. किड्यांपासून वाचलेली वांगी होती ती. ढालकिड्याच्या चुलतभावाला चव कळते, हे मान्य करावे लागले.

बरणी मात्र जेवणाआधीच, बरोबर दोन वाजता, उघडली होती. वत्सलाबाईंनी मावा मोजला, मी मोजला, मग नामदेवरावांनी देठाच्या काडीने एकेक बाजूला सारून मोजला. साठांपैकी तेवीस उरले होते. अळी तेविसातल्या एकाकडे निघालीही होती.

शिकरा: चार तासांत चार झेपा, एक शिकार. अळी: त्याच वेळात सदतीस.

"मंग शिकरा काई कामाचा नाई," वहिनी मोठ्या आनंदाने म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की असा निष्कर्ष निघत नाही. एक सरडा शिकऱ्याला अर्धा दिवस पुरतो. एक मावा म्हणजे अळीला एक घास. शिकऱ्याला तराजूत बसवण्याची सोय नसल्याने वजनाचा रकाना कोरा ठेवावा लागला. मात्र एक फरक स्पष्ट आहे. शिकऱ्याचे पिल्लू घरट्यात बसून आईबापांनी आणलेले खाते. ढालकिड्याचे पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून स्वतः शिकार करते. त्याला कोणी भरवत नाही, शिकवत नाही, ओळखत नाही आणि दिसतेही मगरीसारखे.

"म्हनून तर लोक मारते त्याले," नामदेवराव हळूच म्हणाले.

सोमवार, महाशिवरात्र

मावा खाते हे दाखवून झाले होते. लेकरू कोणाचे, हे उरले होते. अळीचा किडा व्हायला कित्येक दिवस लागतात आणि माझ्याजवळ सकाळ होती. म्हणून आम्ही चौघे उजाडताच कोष शोधू लागलो. ओळीमागून ओळ, प्रत्येक पान उलटून. उपास असल्याने वहिनींनी सर्वांच्या हातात भाजलेली रताळी दिली होती आणि कवठ गुळात कालवून द्रोणात ठेवले होते. माझ्या वहीच्या त्या पानावर कवठाचा डाग आहे.

नवव्या ओळीत वत्सलाबाई थांबल्या. चित्रकाराचा डोळा. पानाच्या पाठीवर नारिंगी, कुबड काढून बसलेला, शेपटाने चिकटलेला एक कोष होता, आणि त्याच्या शेपटाशी चुरगळलेली काळी, काटेरी कात.

"हे पाहा," मी म्हणाले. "मगरीचे कातडे. ती इथे बसली, कातडे सोडले आणि आत गेली."

"अन् आत कोन हाय?"

तेवढ्यात कोष हलला.

मी अनेक वर्षे हा प्रसंग फळ्यावर काढला आहे. पाहिला कधीच नव्हता. पाठीवर चीर पडली आणि आतून एक ओलसर, लिंबासारखा पिवळा, पूर्ण कोरा किडा बाहेर आला. ठिपका नाही, रेघ नाही.

"हा कोन्ता तिसराच निंगाला?" नामदेवराव म्हणाले. मी सांगितले, थांबा. पण खरे सांगायचे तर माझीच खात्री नव्हती, कारण याच बागेत मी एकदा चुकले होते.

आम्ही थांबलो. वत्सलाबाई चित्र काढत राहिल्या. शिवाच्या देवळाकडे जाणारी माणसे फाटकाशी उभी राहून, हे चौघे एका पानाला का नमस्कार करीत आहेत असे विचारून गेली. अर्ध्या तासाने पाठीवर सावलीसारखे काहीतरी उमटले. दीड तासाने ती सावली काळसर झाली आणि नागमोडी रेघ दिसू लागली, जणू आतून कोणी पेन्सिलीने काढत होते.

"आली रे रेघ!" वहिनी ओरडल्या. "आली! तोच होय! मायवर गेलं लेकरू!"

नामदेवराव उठले, पंपाजवळ गेले, त्याचा पट्टा खांद्याला लावला. वत्सलाबाईंनी माझा हात धरला. मग नामदेवरावांनी पट्टा पुन्हा काढला आणि पंप सायकलच्या मागे बांधायला घेतला.

"वांग्यावर तरी मारून घे," वत्सलाबाई म्हणाल्या.

"खायच्या वांग्यावर इख? हातानं येचीन मी," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी लगेच ओंजळभर लवदार किडे वेचून कोंबडीपुढे टाकले. कोंबडीने एक उचलला, टाकला आणि चोच मातीत पुसली.

एसटीच्या थांब्यापर्यंत नामदेवराव आमच्याबरोबर सायकल ढकलत आले. रिकामा पितळी पंप मागे चकाकत होता. "बाई," ते म्हणाले, "बहार गळला त मी बोचकं घेऊन ताईच्या घरी राहाले येईन. तुमच्या शाळेत घंटा वाजवीन."

"तसे झाले तर घंटा वाजवायचे काम मलाच द्यावे लागेल," मी म्हणाले, आणि ते मी गंमतीने म्हटले नव्हते.

नागपूर

तीन आठवडे मी टपाल आले की वत्सलाबाईंच्या मेजाकडे पाहत असे. मग नामदेवरावांचे कार्ड आले. पेन्सिलीने लिहिलेले, ओळी सरळ. मावा दहा दिवसांत विरळ झाला. मगर कमी झाले आणि किडे वाढले. एकशे ब्याण्णव झाडांपैकी एकशे सत्याऐंशी झाडांवर फळ धरले आहे. पाच झाडांची फुले गळली. कारण कळले नाही. खाली शाईने: "मी रोज सकाळी दहा फांद्या मोजतो. भिंग पाठवा."

मी भिंग पाठवले. ती पाच झाडे मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. ती माव्याने गेली की पाण्याने, मला ठाऊक नाही, आणि मी तेथे नसल्याने आता कळणारही नाही. एका बागेवरून, एका बहारावरून नियम सिद्ध होत नाही. आठवीच्या वर्गाला मी एवढेच उत्तर दिले: चार तासांच्या मोजणीत ढालकिड्याच्या अळीने अधिक शिकारी केल्या, शिकऱ्याने अधिक मोठी केली, पुढचे अजून मोजायचे आहे.

म्हणून वाचकांना विनंती. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मावा पडलेली एक फांदी पाहा, मावा मोजा, एक अळी आणि फांदीचा तुकडा बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि चार तासांनी पुन्हा मोजा. किडा धरलात तर त्याच्या पाठीवर लव आहे का, हे आधी भिंगातून पाहा. आकडा माझ्याहून वेगळा आला तर तो कृपया मला कळवा.